सारवलेला व्हाळ

राबाचा धूर गावावर उतरायला लागला की आमच्याकडे पाहुणे निघतात. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची म्हणून शेतात पाला, शेण, काटक्याकुटक्या पसरून पेटवतात. तो वास मग कपड्यांत बसतो, भाकरीला लागतो, शाळेत पोरांच्या पाट्यांनासुद्धा येतो. करवंदं काळी पडतात. आणि डोक्याला पटका गुंडाळलेली, चेहरा फार गंभीर केलेली माणसं ऊन चढायच्या आत कुणाच्या तरी गावच्या वाटेला लागलेली दिसतात. कुठं निघालात म्हणून विचारलं तर सांगतात, "पानी बघायला."

परक्या माणसाला वाटेल, विहीरबिहीर खणायची असेल. छे! पाणी बघायला जाणं म्हणजे मुलगी द्यायची की नाही ते ठरवायला जाणं. मुलगा बघतात, घर बघतात, गोठ्यातला बैल बघतात, पण ते सगळं नंतर. आधी व्हाळ, म्हणजे गावचा ओढा. आणि तो बघायचा वैशाखातच, कारण श्रावणात कुणाचा व्हाळ वाईट असतो हो? श्रावणात माझ्या अंगणातूनसुद्धा नदी वाहते. मुलीला ज्या वाटेनं जन्मभर हंडा आणायचा, ती वाट वैशाखाच्या उन्हात आपल्या पायांनी चालून बघायची, ही आमची रीत. मी शाळामास्तर आहे. वाईट रीतींवर पोरांना निबंध लिहायला लावणं हे माझं कामच आहे. पण हिच्याविरुद्ध एक ओळ मी कधी लिहायला लावली नाही.

या रीतीत एक नाजूकपणा आहे. पाणी पसंत पडलं तर पाहुणे त्या घरी जेवतात. नाही पडलं तर जेवत नाहीत, पण नकोही म्हणत नाहीत. फक्त सांगतात, "भूक नाही." एवढं ऐकलं की समजायचं आणि गप्प बसायचं. कारण विचारायचं नाही. विचारलं तर समोरच्याला आपल्या गावाची उणीदुणी तोंडावर काढावी लागतील, आणि तशी पाळी पाहुण्यावर आणायची नाही. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा ठरवलं तो मोठ्या मनाचा माणूस असला पाहिजे. पण आमच्या घरी एकदा याच मोठेपणानं घोटाळा करून ठेवला होता.

यंदा आमच्या यमूला, माझ्या लेकीला, स्थळ आलंय, म्हणून पाणी बघायला मलाच निघावं लागलं. आणि धोतर नेसता नेसता मला माझा तो वैशाख आठवत राहिला, ज्या वैशाखात माझ्या लग्नासाठी पाहुणे आमचा व्हाळ बघायला आले होते.

आता मी कडावला राहतो, पण माझं गाव कशेळ्याच्याही आत, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. वर ठाकरांची वाडी, खाली आमची कुणब्यांची चार घरं, आणि दोघांच्या मधून वाहणारा एकच व्हाळ. पाणी चांगलं होतं, पण गाव लांब होतं. "डोंगरात कोन देतंय पोरगी?" असं लोक आईच्या तोंडावर म्हणायचे. माझी आधी जुळत आलेली दोन स्थळं पाणी बघायलासुद्धा आली नाहीत, वाट बघूनच परत फिरली. आई विधवा. मी एकुलता. सातवी पास झालो होतो त्याचं गावाला कौतुक होतं, पण सातवी पास होऊन कुणाच्या घरचा हंडा भरत नाही.

आणि मी तर मुलगी बघून बसलो होतो. रीतसर नाही हो, कशेळ्याच्या बाजारात. कासार तिच्या हातात बांगडी चढवताना म्हणाला, "पोरी, हात सैल सोड." ती म्हणाली, "हात सैल हाय. तुझीच बांगडी ताठ हाय." कासार हसला, मी हसलो, आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून थेट मिठाच्या दुकानात शिरलो. मीठ घरी होतं. तरी घेऊन आलो. आईनं विचारलं, "मीठ कशाला रं?" आणि माझ्या तोंडावरून काय ते ओळखून मध्यस्थ धाडला. कडावहून निरोप आला की मुलीची आत्या पाणी बघायला येईल.

गोदाआत्या म्हणजे त्या घरातली मोठी. मुलींना आई नव्हती, आत्यानंच त्यांना वाढवलं होतं. पाणी बघण्यात तिचा शब्द अखेरचा मानत. ती नुसती काठावर उभी राहून बघत नसे. लुगडं खोचून पाण्यात उतरे, दगड उलटे करून खाली काय आहे ते बघे, शेवाळ चिमटीत घेऊन हुंगे. मुठे, म्हणजे आमच्याकडचे व्हाळातले खेकडे, कुठं बिळं करून आहेत, पाणनिवळ्या वर धावतात का, झिंगे पायाला लागतात का, हे सगळं ती बघायची. तिचं म्हणणं असं, की माणूस पाहुण्याला फसवील, मुठा कशाला फसवील? ज्या व्हाळात तो राहतो तिथं बारा महिने ओल असते.

हे आम्हांला ठाऊक असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण आम्हांला एवढंच ठाऊक होतं की आत्या फार कडक आहे.

मग आई कामाला लागली. माझ्या आईचा एकच देव होता, केरसुणी. पाहुणे यायचे म्हटलं की ती घर झाडे, अंगण झाडे, वाट झाडे. आता पाहुणे व्हाळ बघायला येणार, तेव्हा तिनं व्हाळ झाडला! खोटं नाही सांगत. गावातल्या बाया जमवल्या आणि पाण्यावरचा सगळा पाला काढला. दगडांवरचं शेवाळ नारळाच्या काथ्यानं घासून घासून उतरवलं. काठचे लव्हाळे उपटले. जुनं उंबराचं झाड होतं, त्याच्या मुळातून आमचा झरा निघतो, तिथपर्यंत काठ शेणानं सारवला आणि वर रांगोळीची बोटं ओढली. ऐन वैशाखात आमचा व्हाळ दिवाळीच्या अंगणासारखा दिसायला लागला. बाया कमरेवर हात ठेवून बघत होत्या. एकजण म्हणाली, "आता ह्याच्यात पाय घालायचा म्हंजे पाप हाय गं."

एवढ्यावर थांबतील तर शपथ. पाहुणीला जेवायला काय करायचं? मुठ्यांचं कालवण. वरच्या वाडीत माझा मित्र राहायचा, कमळू ठाकर. त्याला आईनं सांगितलं, आणि तो घरच्या सगळ्यांना घेऊन उतरला. हातानं बिळातून मुठे काढावेत तर ठाकरांनीच. वरच्या बाजूचा चिखल तुडवून तुडवून त्यांनी होते नव्हते ते मुठे धरले. कमळू मला म्हणाला, "तुझ्या लग्नाला व्हाळ रिकामा केला रं आमी!" आणि पोट धरून हसला. मीही हसलो. आपण काय करून बसलो आहोत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गोदाआत्या आली. उंच, काळीसावळी, पायांत वहाण नाही. बरोबर मुलीचा बाप होता, तो बापडा सगळा वेळ तिच्या मागं मागं. ओसरीवर गूळ ठेवला होता, त्याला तिनं हात लावला नाही. "आधी पानी," म्हणाली. आम्ही सगळे तिच्या मागून व्हाळावर गेलो. सारवलेला काठ बघून ती थबकली. मला वाटलं, दिपली!

मग ती पाण्यात उतरली. पाणी स्वच्छ वाहत होतं, घोट्याच्या वर. तिनं एक दगड उलटा केला. मग दुसरा. मग आणखी पुढं जाऊन एक. हात बिळात घातला आणि रिकामा काढला. दगडावरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. वर झऱ्याच्या अंगाला ताजा तुडवलेला चिखल होता, तिथं ती फार वेळ उभी राहिली. आमच्या बाया कौतुकानं एकमेकींना कोपर मारत होत्या. मी मात्र आत्याच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ते तोंड हळूहळू मिटत चाललं होतं.

परत ओसरीवर आल्यावर आईनं पाट मांडला. आत्या उभीच राहिली. खाली बघून म्हणाली, "भूक नाय मला."

त्या क्षणाचं काय सांगू! चुलीवर कालवण रटरटत होतं, सगळ्या घरात वास सुटला होता. आईच्या हातातलं ताट तसंच हातात. बाया भिंतीला लागून उभ्या. विचारायचं नाही ना! नाहीतर मी विचारलंच असतं, की काय वाईट दिसलं तुम्हांला आमच्या पाण्यात. मला ती बांगडी आठवली. मला फार वाईट वाटलं, रडू येईल असं वाटलं, आणि विसाव्या वर्षी माणसाला त्याची लाज वाटते म्हणून मी गोठ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

आत्याच्या मनात काय चाललं होतं ते मला पुष्कळ मागाहून कळलं, तरी इथंच सांगून टाकतो. काही गावं तेव्हा उसनं पाणी दाखवत. वर बांध घालून पाणी अडवायचं, आणि पाहुणे यायच्या दिवशी बांध फोडायचा. व्हाळ दिवसभर खळखळ वाहतो, मग कोरडा. गोदाआत्याच्या थोरल्या भाचीला असंच पाणी दाखवून नेलं होतं. लग्नानंतर ती पोर भर उन्हात घाट चढून पाणी आणायची. एकदा हंड्यासकट दरडीवरून पडली आणि तिचा पाय कायमचा गेला. ते पाणी बघून पसंत केलं होतं आत्यानंच. त्यानंतर ती दगड उलटे करायला शिकली. आता आमच्या व्हाळात तिला वाहतं पाणी दिसलं, पण शेवाळ नाही, मुठा नाही, झिंगा नाही, आणि वरच्या अंगाला ताजा तुडवलेला चिखल. ती दुसरं काय समजणार? तिच्या जागी मी असतो तर मीही उपाशीच उठलो असतो.

ती निघाली. आई तिच्यामागून अंगणात गेली. आता रडायला लागली होती, पण हातात टोपली होती, वर पळसाची पानं झाकलेली. म्हणाली, "बाय, पोरगी नका देऊ. तुमची मर्जी. पन रित्या हातानं जाऊ नका. वानवळा काढून ठेवलाय, ह्यो तरी न्या."

आत्यानं टोपली घेतली ती केवळ आईच्या रडण्याकडे बघून. आणि टोपलीत खुडबुड झाली. तिनं पान उचललं. आत ओल्या शेवाळात ठेवलेले मुठे, जिवंत, एकावर एक चढणारे.

"ह्ये कुठले?"

"कुठले म्हंजे? व्हाळातले," आई डोळे पुसत म्हणाली. "बाकीचे सगळे कालवनात हायत. तुमच्यासाठीच धरले. साफ करून घेतला ना सगळा व्हाळ, तुमी येनार म्हणून."

"साफ केला? काय काय केलं?"

आईला वाटलं आता तरी कौतुक होईल. तिनं काथ्यापासून रांगोळीपर्यंत सगळं सांगितलं. आत्या ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. रागही होता, हसूही होतं. "अगं माझे बाय!" एवढंच म्हणाली आणि टोपली घेऊन उलट्या पावली व्हाळाकडे चालायला लागली. आम्ही सगळे पुन्हा तिच्या मागं.

सारवलेल्या काठावर फतकल मारून तिनं टोपली पाण्याच्या कडेला उपडी केली आणि म्हणाली, "कुनी हलू नका." परक्या जागी सोडलेला मुठा गोंधळतो, नांग्या उगारून उभा राहतो, आणि आपल्या जागी आला की घरी जातो, असं तिचं शास्त्र. खरं की खोटं देव जाणे, मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पण त्या दिवशी मी त्या मुठ्यांना मनातून हात जोडत होतो. जा रे बाबांनो, घरी जा!

आधी ते जागचे हलेनात. मग एक आडवा आडवा चालत पाण्यात उतरला आणि उंबराच्या मुळीखाली दिसेनासा झाला. दुसरा मोठ्या दगडाखाली. आणि मग एकामागून एक सगळे, कुणी या बिळात, कुणी त्या. एक लहानसा मात्र आईनं सारवलेल्या काठावर चढला, रांगोळी फिसकटत चालत गेला आणि थेट शेणानं बुजवलेलं एक भोक उकरायला लागला. आईनं ते भोक बुजवलं होतं, अंगणातली बुजवतात तसं!

गोदाआत्या हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं हे मला आता कळतं. तिनं वाकून ओंजळ भरली, पाणी प्यायली, पुन्हा भरली, पुन्हा प्यायली. तोंड पदरानं पुसलं आणि आईला म्हणाली, "चल, वाढ. लई भूक लागली."

अशी माझी बायको आमच्या घरी आली.

तो व्हाळ अजून आहे. ती बिळं आहेत, उंबर आहे. आई नाही. तिच्यामागं काठ सारवायला कुणी उरलं नाही, त्यामुळे व्हाळाची प्रकृती उत्तम आहे. हे मी चेष्टेनं म्हणतो, पण कधीमधी गावी गेलो आणि ते वाढलेले लव्हाळे बघितले की मला आईची ती फिसकटलेली रांगोळी आठवते.

तर यमूचं स्थळ. गाव नदीकाठचं. ही नदी म्हणजे आताची नवी नवलाई. डोंगराच्या माथ्यावर तलाव बांधलेत, तिथलं पाणी नळांतून खाली सोडतात, त्यावर वीज होते, वीज मुंबईच्या गिरण्यांना जाते आणि काम करून मोकळं झालेलं पाणी आमच्या नदीत येतं. जी नदी होळीला आटायची ती आता वैशाखात दुथडी असते. मध्यस्थ म्हणाला, "मास्तर, आता काय बघायचं राहिलंय? बारमाही पानी!" मलाही तसंच वाटलं. पण घरात बोललो तर बायको भाकरी थापता थापता थांबली.

"यमूला न्या संगं," म्हणाली.

"पाणी बघायला? मुलीला? लोक काय म्हणतील?"

"तिची मावशी हाय त्या गावात. मावशीकडं चाललीय म्हणा. हंडा तिच्या डोक्यावर यायचाय का तुमच्या पटक्यावर?"

"तुझ्या वेळी कुठं तुला नेलं होतं? पाणी वाईट निघालं का?"

"पानी चांगलंच निघालं," ती म्हणाली. "सासूचं कुनी सांगितलं नव्हतं. दीस उजाडला की केरसुनी."

यमूला घेऊन गेलो.

नदी खरोखरच भरून चालली होती. गार, निळसर पाणी. बघूनच मनाला बरं वाटलं. यमू काठाला गेली आणि आईनं शिकवलंय तसा तिनं दगड उलटा केला. खाली काही नव्हतं. दुसऱ्याखालीही नव्हतं. मी मुलाच्या बापाकडे बघितलं. ते "बारमाही, बारमाही" म्हणत होते. आणि मला एकदम ओसरीवरची गोदाआत्या दिसली, पाटाशेजारी उभी, खाली बघणारी. मला भीती वाटायला लागली. इथं कोणी व्हाळ झाडला नव्हता. मग हे असं का?

तेवढ्यात मुलगा पुढं आला. दाढीमिशी नुकती फुटलेला, शेतावरून तसाच आलेला, पायांना राबाची राख. बापाकडे न बघता मला म्हणाला, "मास्तर, ही नदी आमची नाय. गिरन्या चालल्या की येते, रविवारी गिरन्या बंद की उतरते. आज भरलीय, उद्या तळ दिसल. अशी वरखाली झाली की मासा ठरत नाय, मुठा ठरत नाय. शेताला घेतो आमी, पन पितो दुसरं."

"अरं गप!" बाप म्हणाला.

"गप कशाला? उद्या तिला दिसनारच हाय ना?" मुलगा म्हणाला आणि लाजला, कारण 'तिला' समोरच उभी होती. मग त्यानं टेकडीकडे हात केला. "पिन्याचा झरा त्या पलीकडं. चढ हाय. दम लागतो. बघायचा असंल तर चला."

चढ होता, खोटं नाही. माझा श्वास फुलला. यमू पुढं गेली. वर करंजाच्या सावलीत लहानसा झरा, पाचोळ्यानं भरलेला, दगडांवर हिरवंगार शेवाळ, पाणनिवळ्या धावताहेत. यमूनं दगड उलटा केला आणि हात पटकन मागं घेतला. खालून एक मुठा नांग्या उगारून बाहेर आला. मुलगा म्हणाला, "चावतो हां!" ती म्हणाली, "ठाऊक हाय मला." अगदी तिच्या आईच्या, त्या बांगडीच्या वेळच्या आवाजात.

ती तिथं बराच वेळ बसली. झऱ्याकडे बघितलं, मग आम्ही चढून आलो त्या वाटेकडे, मग पुन्हा झऱ्याकडे. तो मुलगा बाजूला उभा राहून पायाची राख पायानंच पुसत होता. या रीतीत विचारायचं नसतं.

मग यमू उठली, लुगडं झटकलं आणि त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "बाबा, मला भूक लागली."